रेयॉन, मोडाल, लायोसेल: पहिल्याच धुण्यात कुर्ता अडीच इंच आटला, शर्टाची कॉलर पांढुरकी झाली

पाऊणइंचमाया (प्रश्न)

शिवणकामातल्या आणि कापडातल्या जाणकारांना विचारते आहे. सुती आणि पॉलिस्टरचं गणित हातात बसलेलं आहे. पण हल्ली शिवायला येणाऱ्या कापडात निम्मं रेयॉन, मोडाल नाहीतर टेन्सेल (तिन्ही लाकडाच्या लगद्यापासूनचे तंतू) असतं, आणि तिथे सुतीचे नियम लावले की फसगत होते. सध्या तीन प्रकरणं टेबलावर आहेत.

पहिलं. छापील रेयॉन, ४४ पन्ना, सरळ कुर्ता. तयार उंची ४६ इंच. आत सुती कॅम्ब्रिकचं अस्तर, खालच्या दुमडीत कुर्त्याबरोबर एकत्र शिवलेलं. कापड आधी पाण्यातून काढलं नव्हतं, फक्त वाफेची इस्त्री भरपूर मारली होती. पहिल्या धुण्यानंतर उंची ४३.५ इंच. अस्तर जेमतेम अर्धा इंच आटलं, त्यामुळे खाली सगळीकडे फुगा आला आहे. छातीच्या मापात मात्र फारसा फरक नाही. उंचीतच एवढं का आटतं? आणि हे परत ओढून येईल का?

दुसरं. तयार शर्ट, गडद निळा, लेबलवर १००% लायोसेल. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये सहा-सात धुणी झाली. कॉलरची घडी, कफ आणि बटणपट्टी पांढुरकी दिसते, खडू घासल्यासारखी. रंग उतरला म्हणावं तर धुण्याचं पाणी पहिल्यापासून स्वच्छ आहे.

तिसरं. अजरख छपाईची 'मोडाल सिल्क' साडी, फॉल-पिकोसाठी आलेली. ती नेसणाऱ्या बाईंची समजूत आहे की हे रेशीमच. रेशीम आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं, आणि धुवायची कशी?

शक्य तिथे आकडे द्या. 'हलक्या हाताने धुवा' एवढंच लेबलवरही लिहिलेलं असतं.

---

उभाआडवा

तिन्ही प्रकरणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे तंतू ओले झाले की कसे वागतात. तेवढं नीट कळलं की बाकीचे नियम आपोआप सुचतात, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

कापूस आणि रेयॉन, पदार्थ एकच: सेल्युलोज. फरक साखळीच्या लांबीत आहे. कापसातली साखळी हजारो कड्यांची असते. लाकडाचा लगदा पातळ करून बारीक भोकांतून धाग्यासारखा काढायचा तर ती साखळी मुद्दाम तोडावी लागते, आणि व्हिस्कोसमध्ये साधारण तीनशे कड्या उरतात. लगद्याचे तक्ते १८ टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्यात भिजवतात, दाबून पिळतात, त्यांचा भुगा करून मुरवत ठेवतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. भुगा नारिंगी होतो. तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की काकवीसारखा दाट द्रव मिळतो, आणि तो चाळणीतून सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडला की तिथल्या तिथे पुन्हा सेल्युलोज होऊन तंतू घट्ट होतो. पुन्हा सेल्युलोज झालं म्हणून या कुळाला पुनर्जनित तंतू म्हणतात. १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी इंग्लंडमध्ये या कृतीचं पेटंट घेतलं. रेयॉन हे नाव १९२४ मधलं, त्याआधी सगळे कृत्रिम रेशीमच म्हणायचे, आणि आपल्याकडे बाजारात 'आर्ट सिल्क' हा शब्द त्यानंतरही बराच काळ टिकला. भारतात नागद्याला १९५४ पासून याचा आखूड तंतू बनतो, आणि कल्याणजवळ शहाडला अखंड फिलामेंट धागा. व्हिस्कोस आणि रेयॉन ही आपल्या बाजारात एकाच मालाची दोन नावं आहेत, लेबलवर काहीही असो.

आता मुद्दा. आखूड साखळ्या आणि सैल रचना, त्यामुळे पाणी थेट तंतूच्या आत शिरतं. तंतू फुगतो आणि त्याची ताकद कोरड्याच्या निम्म्यावर येते. कापसाचं उलट आहे, तो ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. धोपटून, आपटून, पिळून धुण्याची आपली सगळी रीत त्या बळावर उभी आहे. रेयॉनला तीच रीत लावली तर ओल्या अवस्थेत मार बसतो आणि काखेत, खिशाच्या तोंडाशी विरायला लागतं.

उंचीतच का आटतं? छपाईच्या कारखान्यात कापड ओलं असताना रोलरांवरून मीटरच्या मीटर पुढे ओढलं जातं. ओढ उभ्या धाग्यावर असते. ओलं व्हिस्कोस थोड्या ओढीनेही लांबतं, आणि त्याच ताणलेल्या स्थितीत त्याला गरम हवेने वाळवून, फिनिश (चमक-कडकपणाचा थर) चढवून गुंडाळतात. पन्ना दोन्ही काठांना धरून ठेवलेला असतो, म्हणून आडव्या बाजूला खोट कमी. घरी पहिल्यांदा मोकळ्या पाण्यात पडलं की तंतू फुगतो, ताण सुटतो, आणि उभा धागा मूळ लांबीकडे परततो. तुमचे ४६ चे ४३.५ म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या जवळ. हलक्या विणीच्या छापील रेयॉनला हे नेहमीचंच आहे. ही ओढून वाढवलेली लांबी गिऱ्हाईक मीटरच्या भावाने विकत घेतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाफेची इस्त्री इथे पुरत नाही. वाफ वरवर जाते, आणि इस्त्रीचं वजन पुन्हा ओढ देतं. कापड पूर्ण भिजायला हवं.

बेतण्याआधीची चाचणी अशी करा. कोपऱ्यातून ६० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टाचून घ्या. खडूने नको, धुतल्यावर दिसत नाही. कोमट पाण्यात, साधारण ३० ते ४० अंश, एक तास बुडवून ठेवा. पाण्यात द्रव साबणाचे चार थेंब टाका, म्हणजे फिनिश सुटतो आणि पाणी आतपर्यंत पोचतं. न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवं पसरून वाळवा, न ओढता इस्त्री करा आणि मोजा. उभ्या बाजूला ५० चे ४७ झाले तर आट ६ टक्के. तयार २.५० मीटर हवं असेल तर २.५० भागिले ०.९४, म्हणजे २.६६ मीटर लागणार. २.७० सांगा. इथे बरेच जण २.५० मध्ये ६ टक्के मिळवतात आणि २.६५ वर थांबतात. एका कुर्त्याला तेवढ्याने अडत नाही, पण दहा मीटरच्या घेराला नक्की अडतं.

पूर्ण कापडही असंच भिजवायचं, दोन वेळा. व्हिस्कोस एकाच धुण्यात सगळं आटत नाही, दुसऱ्या वेळेलाही टक्का-दोन टक्के जातो. वाळवताना एका टोकाला चिमटे लावून लटकवू नका. पिळल्यावरही व्हिस्कोस स्वतःच्या वजनाच्या आसपास पाणी धरून ठेवतं, सुती त्याच्या निम्मं. त्या पाण्याच्या वजनाने कापड पुन्हा लांबतं आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन दांड्यांवर झोळीसारखं टाका, नाहीतर चटईवर जुनी चादर घालून पसरा.

ओलं रेयॉन हाताला पुठ्ठ्यासारखं कडक लागतं, त्याने घाबरू नये. तंतू फुगून धागे एकमेकांत घट्ट बसतात, म्हणून तसं वाटतं. किंचित दमट असताना इस्त्री फिरवली की सुळसुळीतपणा परत येतो.

आटलेल्या कुर्त्याबद्दल: भिजवून, टॉवेलमध्ये पाणी टिपून, टेबलावर पसरून उभ्या दिशेने हलकेच ताणत इस्त्री केली तर इंच-दीड इंच परत मिळेल. पुढच्या धुण्यात तो पुन्हा जाईल. म्हणून कुर्ता ओढू नका, अस्तर सोडवा. खालची दुमड उसवा, अस्तर स्वतंत्र करून कुर्त्यापेक्षा दीड इंच वर दुमडा. पुढच्या वेळी रेयॉनच्या कुर्त्याला अस्तर खाली जोडूच नका, फक्त खांदा, मुंढा आणि बाजूच्या शिवणीत धरा.

---

निळसाबण

लायोसेल शर्टावर लिहितो, कारण इथे रंग गेला असं समजून लोक चांगला शर्ट टाकून देतात.

रंग जागेवर आहे. धुण्याचं पाणी स्वच्छ आहे, हाच त्याचा पुरावा. लायोसेलची कृती व्हिस्कोसपेक्षा वेगळी आहे. तिथे कार्बन डायसल्फाइड नाही. लगदा एन-मिथाइल मॉर्फोलिन ऑक्साइड या द्रावकात सरळ विरघळवतात, धागा काढतात, आणि द्रावक ९९ टक्क्यांहून जास्त परत मिळवून पुन्हा वापरतात. साखळ्या फार तुटत नाहीत, म्हणून ओला झाल्यावर लायोसेल फक्त १० ते १५ टक्के ताकद गमावतो. लाकडाच्या तंतूंत ओल्या अवस्थेत सगळ्यात दणकट हाच.

पण या बळाची दुसरी बाजू आहे. लायोसेलच्या साखळ्या तंतूच्या लांबीच्या दिशेने फार शिस्तीत बसलेल्या असतात, आणि बाजूबाजूची पकड कमी असते. ओला असताना घासला गेला की तंतूची साल सुटते. काठी चेचली की कडेने कूस निघते ना, तसं. ही सूक्ष्म कूस प्रकाश पसरवते, म्हणून गडद रंगावर पांढुरकी छटा दिसते. घडी, कफ, कॉलर, बटणपट्टी या जागी कापड दुहेरी, टणक आणि बाहेर आलेलं असतं, तिथेच घर्षण जास्त. बोटाने उलटसुलट चोळून उन्हात तिरकं धरा, बारीक मऊ लव दिसेल. रंग गेलेल्या कापडावर लव नसते.

घरी पूर्ण बरं होत नाही. थोडा उपाय आहे: सेल्युलेज एन्झाइम असलेला द्रव डिटर्जंट. बाटलीच्या घटकांत एन्झाइम लिहिलेले असतात, त्यात सेल्युलेज आहे का ते पाहा. ४० अंशाचं पाणी, शर्ट उलटा करून अर्धा तास भिजवा, मग हलकं धुणं. चार-पाच वेळा केलं की कूस बरीच झडते आणि निळा पुन्हा खोल दिसतो. कारखान्यातही तंतूची कूस याच एन्झाइमने काढतात. रोज करू नका, शेवटी ते कापडच खातं.

पुढे होऊ नये म्हणून: शर्ट उलटा, सगळी बटणं लावलेली, जाळीच्या पिशवीत. सेमी-ऑटोमॅटिकच्या तळाची चक्री या कापडाची वैरी आहे. त्यात धुवायचंच असेल तर पाणी पूर्ण भरा, कपडे निम्मेच टाका, हलकी फेरी, तीन-चार मिनिटं. जीन्स आणि टॉवेल त्याच खेपेत नकोत. फ्रंट लोड असेल तर ३० अंश, हलकी फेरी, पिळण्याचा वेग ६०० च्या वर नको. आणि कॉलरवर साबणाची वडी घासून ब्रश मारण्याची सवय सोडा, पांढरेपणाचं खरं कारण बहुतेकदा तीच असते. द्रव डिटर्जंटचे चार-पाच थेंब कॉलरवर लावून तळव्याने दाबा, दहा मिनिटं ठेवा, मग धुवा.

टेन्सेल हे तंतूचं नाव नव्हे, एका ऑस्ट्रियन कंपनीचा ब्रँड आहे, आणि तो आता लायोसेल आणि मोडाल दोन्हींवर लावतात. टॅगवर नुसतं टेन्सेल असेल तर आतल्या शिवणीतली पट्टी पाहा.

---

दोनचमचे

अजरखसाठी: पहिल्या धुण्याला बादलीभर पाण्यात मूठभर मीठ आणि दोन चमचे पांढरं व्हिनेगर. रंग बसतो. बोअरच्या पाण्यात रेयॉन कडक होतं, त्यालाही शेवटच्या पाण्यात व्हिनेगर चालतं.

---

चिंधीपरीक्षा

वरच्या उत्तरातला निम्मा भाग बरोबर आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चुना कापडावर बसतो, आणि साध्या रेयॉनला शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक चमचा व्हिनेगरने तो निघतो. अजरखला मात्र आम्ल लावू नका. भूजजवळच्या अजरखपूरला आणि धमडक्याला ज्या पद्धतीने छापतात, तिथला काळा हा गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला असतो आणि लाल हा तुरटीवर चढवलेला. आम्लाने लोखंडाचा काळा फिका पडतो. लिंबूही नको, सोडाही नको.

मिठाचा समज कुठून आला तेही सांगते. रंगाईच्या हौदात मीठ टाकतात ते रंग पाण्यातून कापडाकडे ढकलायला, आणि तो पक्का होतो त्यानंतरच्या सोड्याने. रंगवून, धुवून, विकलेल्या कापडाच्या बादलीत मीठ टाकल्याने काहीही पक्कं होत नाही. पहिल्या दोन-तीन धुण्यांत जो रंग सुटतो तो न बसलेला जादा रंग असतो, त्याला जाऊ द्यावं.

तर साडी. आधी ती कशाची आहे ते पाहू. पदराच्या टोकातून एक उभा आणि एक आडवा धागा सोडवा. दोन्हींची परीक्षा वेगवेगळी करायची, कारण उभा रेशीम आणि आडवा मोडाल अशीही साडी असते.

चिमट्यात धागा धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. कागद जळल्याचा वास, झटकन पेट, आणि फुंकर मारली तर उडेल अशी करडी राख: सेल्युलोज, म्हणजे मोडाल, रेयॉन नाहीतर सूत. केस जळल्याचा वास, ज्योत काढताच विझणं, काळी ठिसूळ गुठळी: रेशीम. टणक मणी उरला, जो नखाने फुटत नाही: पॉलिस्टर. जळताना व्हिनेगरचा वास आणि वितळून काळा मणी: ॲसिटेट. ॲसिटेटही लाकडाच्याच लगद्याचं, पण ते पुन्हा सेल्युलोज झालेलं नसतं, म्हणून या कुळात मोडत नाही. ब्लेझरच्या अस्तरात ते सापडतं, आणि ॲसिटोनच्या नेलपेंट रिमूव्हरने डाग काढायला गेलात तर तिथे भोकच पडतं.

दुसरी परीक्षा आगीशिवाय. धागा क्लोरीनच्या घरगुती ब्लीचमध्ये टाका. रेशीम अर्ध्या तासात विरघळू लागतं, मोडाल तसंच राहतं.

तिसरी, पाण्याची. वीतभर धागा घ्या, मधोमध बोटभर जागा ओली करा, अर्धा मिनिट थांबा, आणि दोन्ही टोकं सावकाश ओढा. व्हिस्कोस बरोबर ओल्या जागी तुटतं, आणि इतक्या सहज की हाताला जाणवतही नाही. सूत ओल्या जागी तुटणार नाही, कोरड्यात तुटेल. मोडाल यांच्या मधला. ओलं झाल्यावर साठ टक्क्यांच्या आसपास ताकद ठेवतो, म्हणून तुटतो ओल्या जागीच, पण जोर लावावा लागतो. लायोसेलची या परीक्षेत खात्री देता येत नाही. मोडाल की व्हिस्कोस हे पक्कं सांगायला सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद बघावा लागतो: व्हिस्कोसची कड दातेरी, मोडालची त्याहून कमी दातेरी, लायोसेल गोल आणि गुळगुळीत.

बाजारात 'मोडाल सिल्क' म्हणून जे मिळतं ते बहुतेक निखळ मोडाल असतं, साटीन विणीचं, म्हणून चकाकतं आणि अंगावरून घसरतं. त्यात रेशमाचा तंतू नसतो. त्याने ते वाईट ठरत नाही, मोडाल फार छान पडतं आणि उन्हाळ्यात रेशमापेक्षा सुसह्य. पण रेशमाच्या भावाने विकलं जाऊ नये.

धुणं: थंड पाणी पाच लिटर, सौम्य द्रव साबण एक चमचा, सोडा असलेली पावडर नको. साडी एकटीच, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. मोकळ्या पाण्यात वर-खाली करा, चोळू नका. टपातून उचलताना दोन्ही हात खाली घालून सगळा गोळा एकदम उचला. एका पदराला धरून ओढलं तर पाच मीटर ओल्या कापडाचं वजन त्या चार बोटांच्या जागेवर येतं. सावलीत, उलटी, दोन दांड्यांवर. अजरखमधल्या निळीचा रंग पांढऱ्या परकराला लागेल, पहिल्या काही नेसण्यांत गडद परकर द्या.

फॉल आधी गरम पाण्यात तासभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा, आणि साडीही एकदा भिजवलेली हवी. नाहीतर कुर्त्याचं अस्तर झालं तेच इथे होईल, निऱ्यांच्या काठाला चुण्या पडतील. टाके लांब आणि ढिले घाला.

जाता जाता, 'बांबू' लिहिलेली दुपटी आणि बनियन. बांबू गवत आहे, झाड नव्हे, पण लगदा केल्यावर कृती वर सांगितलेलीच, म्हणजे ते व्हिस्कोस. अमेरिकेत त्याला नुसतं बांबू म्हणून विकता येत नाही, बांबूपासूनचं रेयॉन असं लिहावं लागतं, आणि २०२२ मध्ये तिथल्या दोन मोठ्या दुकान-साखळ्यांना यासाठी दंड झाला. बांबूतले जंतुनाशक गुण कॉस्टिक आणि आम्लाच्या हौदातून पार होऊन दुपट्यात येत नाहीत. धुवायचं रेयॉनसारखंच.

---

पाऊणइंचमाया

खूप उपयोगी. कॉलरच्या पांढरेपणाचा आणि फॉलचा खुलासा तर लगेच कामाला येईल. अजून थोडं विचारते. एक: रेयॉनचा उरेबमध्ये (तिरक्या धाग्यावर) कापलेला अंब्रेला घेर, तो चार धुण्यांनी खालून वाकडातिकडा होतो. दोन: क्रेप आणि जॉर्जेटही भिजवायचं का? तीन: मुंढ्याला शिवण तशीच राहते, पण शेजारचे धागे सरकून जाळी दिसते. चार: कोकणातून विचारणा आहे, पावसाळ्यात कपाटातल्या रेयॉनच्या ड्रेसवर काळे ठिपके येतात.

---

उभाआडवा

उरेब आधी. तिरक्या दिशेने कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, आणि रेयॉन जड पडतं म्हणून जास्त. भिजवून वाळवलेल्या कापडाचा घेर कापा, कंबरपट्टी जोडा, आणि खाली न दुमडता हँगरला पूर्ण २४ तास लटकवून ठेवा. उरेबच्या जागा इंच-दीड इंच खाली येतील, सरळ धाग्याच्या जागा नाही. मग जमिनीपासून फूटपट्टी उभी धरून सगळीकडे सारख्या उंचीवर खूण करा, वाढलेलं कापा, आणि अरुंद दुमड घाला. उरेबला रुंद दुमड घातली की ती पिळवटते.

क्रेपला भिजवू नका. त्याच्या धाग्याला खूप पीळ असतो. तंतू पाण्याने फुगला की पीळ असलेला धागा आखूड होतो, आणि रेयॉन क्रेप एका भिजण्यात हातभर आत येऊन सुरकुतलेलं दिसतं. ओढून इस्त्री केली तर बरंच परत येतं, पण सारखं येत नाही. रेयॉनचं क्रेप, जॉर्जेट आणि फिलामेंट साटीन यांना ड्रायक्लीन लिहिलेलं असेल तर ते खरं माना. साटीनवर पाण्याचा थेंब पडला तर डाग उरतो, कारण फिनिश थेंबाच्या कडेला सरकून बसतो. तेवढाच भाग पुसत बसू नका, धुण्यासारखं कापड असेल तर पूर्ण ओलं करा. साध्या विणीच्या छापील रेयॉनवरचं ड्रायक्लीनचं लेबल मात्र बहुधा दुकानदाराने स्वतःचा बचाव म्हणून लावलेलं असतं.

मुंढ्याची जाळी: धागा गुळगुळीत, वीण सैल. सुई ११ नंबर, इंचाला १२ टाके, आणि तुमच्या नावातली पाऊण इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) इथे खरोखर ठेवा. कड इंटरलॉक करा, आणि मुंढ्यात शिवणीबरोबर अर्ध्या इंचाची पातळ सुती पट्टी धरा. फिटिंग कसलेलं असेल तर कोणतीही शिवण वाचवणार नाही. छातीला सुतीपेक्षा इंचभर जास्त सैल ठेवा.

---

चिंधीपरीक्षा

काळे ठिपके म्हणजे बुरशी. सेल्युलोज तिचं अन्न, आणि रेयॉन हवेतलं पाणी सुतीपेक्षा जास्त धरतं: ठरावीक दमट हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास, व्हिस्कोस १२-१३. हाताला वाळलेलं वाटलं तरी शिवणीत, खिशात, दुहेरी कॉलरमध्ये ओल असते. इस्त्री केल्यावर कपडा दोन तास पंख्याखाली उघडा ठेवून मगच कपाटात ठेवा, गरम घडी आत गेली की वाफ तिथेच कोंडते. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुन्या सुती ओढणीत बांधा. रेयॉनला खळ अजिबात नको. खळीवर बुरशीही येते आणि कसरही लागते. डांबराच्या गोळ्यांचा बुरशीवर काही उपयोग नाही. ताजे ठिपके आधी उन्हात ठेवून ब्रशने झटका, मग कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास. क्लोरीनचं ब्लीच लावलं तर ठिपका जाईल, पण तिथे कापड कमजोर होऊन पुढे भोक पडू शकतं.

इस्त्री १५० अंशांच्या आसपास, डायलवर सिल्क आणि वूलच्या मध्ये, कपडा उलटा. रेयॉन पॉलिस्टरसारखं वितळत नाही, पण जास्त तापलं की पिवळं पडतं, आणि शिवणीच्या उंचवट्यावर दाबली तर तिथे चकाकी येते ती जात नाही. कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर वर पातळ दमट कापड टाकायला सांगा. मोडालचे टी-शर्ट ओले असताना हँगरला लावू नका, होजिअरीचं कापड ओल्या वजनाने लोंबतं, खांद्याला टोकं येतात आणि लांबी वाढते.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच लेबलवर नसते. पातळ रेयॉन शिफॉनची ओढणी किंवा घेर कागदासारखा भडकतो. १९९४ मध्ये अमेरिकेत भारतातून गेलेले रेयॉन शिफॉनचे स्कर्ट याच कारणाने बाजारातून परत मागवले होते. दिवाळीच्या आधी शिवून नेणाऱ्यांना एवढं तोंडी सांगा: पणत्या लावताना ओढणी खोचून घ्यायची, आणि गॅससमोर सुती घालायचं.